‘पावती’चा थेट ऑब्जेक्ट बनू द्यायचा नाही, तर नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘पावती’ नावाचा जावा या प्रोग्रॅमिंग भाषेतला क्लास, म्हणजे ऑब्जेक्ट बनवायचा साचा, आहे. त्याच्यापासून देखभाल पावती, पार्किंग पावती आणि हॉलच्या भाड्याची पावती असे तीन चाइल्ड क्लास, म्हणजे ‘पावती’ या पॅरेंटचे गुण घेऊन (इन्हेरिट करून) बनलेले क्लास, निघतात. टीममधल्या कुणीतरी नुसत्या ‘पावती’चाच ऑब्जेक्ट बनवला आणि शीर्षक कोरं असलेली पावती छापून एका सभासदाच्या हातात गेली. रिव्ह्यूमध्ये सीनियरनं सांगितलं, ‘हा क्लास थेट इन्स्टॅन्शिएट होऊ देऊ नकोस, म्हणजे त्याचा थेट ऑब्जेक्ट बनू देऊ नकोस.’ म्हणून तुम्ही ‘पावती’च्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या कोडमध्ये, एक्सेप्शन (काम तिथेच थांबवणारी चूक) फेकलं, तर तिन्ही चाइल्ड क्लासही बंद पडले. आता क्लास ॲबस्ट्रॅक्ट (स्वतःचा ऑब्जेक्ट नसलेला, फक्त चाइल्डसाठीचा) करायचा, कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट (बाहेरच्यांना बंद) करायचा, की आणखी काही?

‘पावती’पुरतं उत्तर सरळ आहे: क्लास ॲबस्ट्रॅक्ट करा आणि ते एक्सेप्शन काढून टाका. पण तुमच्या याच सॉफ्टवेअरमध्ये आणखी निदान तीन क्लास असे असणार, ज्यांच्यावर कुणीही उठून ‘न्यू’ मारलेलं, म्हणजे थेट ऑब्जेक्ट बनवलेला, चालणार नाही, आणि त्या तिघांना ॲबस्ट्रॅक्ट हा चुकीचा इलाज आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बावीस वर्षं पुण्यात हेच काम करतोय. रिव्ह्यूमध्ये मला सतत दिसतं ते असं की ‘थेट ऑब्जेक्ट नको’ एवढं ऐकलं की हाताशी जी युक्ती असेल ती लावली जाते. ऑब्जेक्ट का नको, हे कुणी विचारतच नाही. साधन मात्र त्या कारणावरूनच ठरतं.

आधी तुमचं एक्सेप्शन का फसलं ते बघू. चाइल्डचा ऑब्जेक्ट बनताना पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालतोच. तुम्ही ‘सुपर’ लिहिलं नाही तरी कंपायलर स्वतः ते घालतो. त्यामुळे पॅरेंटच्या कन्स्ट्रक्टरमध्ये फेकलेलं एक्सेप्शन सगळ्या मुलांना लागतं. यावर काही जण कन्स्ट्रक्टरमध्ये ‘गेटक्लास’ विचारतात आणि उत्तर खुद्द ‘पावती’ आलं तरच एक्सेप्शन फेकतात. ते चालतं, पण चूक कळते ती प्रोग्रॅम चालताना, तेही ती ओळ चालली तरच. वर्षातून एकदा, वार्षिक सभेच्या आधी चालणाऱ्या एखाद्या रिपोर्टमध्ये ती ओळ असेल तर चूक त्याच दिवशी समोर येईल, आणि ती बघायला सोसायटीचे सेक्रेटरी बसलेले असतील. ॲबस्ट्रॅक्ट लिहिलं की तीच चूक टाइप करतानाच लाल रेघ होऊन दिसते.

‘पावती’ला ॲबस्ट्रॅक्ट का शोभतं? कारण नुसती पावती अशी वस्तू व्यवहारात नाहीच. सोसायटीच्या कार्यालयात जाऊन ‘एक पावती द्या’ म्हटलं तर क्लार्क विचारणार, ‘कसली?’ हा ‘कसली’ म्हणजेच तुमची ॲबस्ट्रॅक्ट मेथड, पॅरेंटनं नाव सांगून चाइल्डवर सोडलेलं काम. शीर्षक काय, कोणत्या खात्यात जमा, हे चाइल्डनं सांगायचं. सभासदाचं नाव, तारीख, रक्कम हे पॅरेंटनं सांभाळायचं. जावात एकही ॲबस्ट्रॅक्ट मेथड नसलेला क्लाससुद्धा ॲबस्ट्रॅक्ट घोषित करता येतो. पण तसं करावंसं वाटलं तर जरा थांबा. चाइल्डनं सांगण्यासारखं काहीच नसेल, तर वेगवेगळ्या क्लासांऐवजी ‘प्रकार’ नावाचं एक फील्ड पुरेसं आहे का, ते आधी तपासा. तुमच्याकडे शीर्षक कोरं राहिलं, म्हणजे पॅरेंटमध्ये रिकामी स्ट्रिंग परत देणारी मेथड असणार. तीच ॲबस्ट्रॅक्ट करा.

ॲबस्ट्रॅक्ट क्लासला कन्स्ट्रक्टर असतो आणि असावाही. तारीख-रकमेची तपासणी तिथेच व्हायला हवी. तो प्रोटेक्टेड ठेवा, कारण तो मुलांशिवाय कुणी बोलावणार नाही हे वाचणाऱ्याला लगेच कळतं. मात्र त्या कन्स्ट्रक्टरमधून ॲबस्ट्रॅक्ट मेथड बोलावू नका. पॅरेंटचा कन्स्ट्रक्टर चालू असताना चाइल्डची फील्डं भरलेली नसतात, त्यामुळे चाइल्डनं शीर्षक फील्डमध्ये ठेवलं असेल तर तुमच्या हाती ‘नल’ येतो. म्हणजे क्लास ॲबस्ट्रॅक्ट करूनही कोऱ्या शीर्षकाची पावती छापता येते! सी प्लस प्लसमध्ये हीच चूक जास्त महागात पडते. तिथे कन्स्ट्रक्टरमधून प्युअर व्हर्च्युअल फंक्शन (तिथली ॲबस्ट्रॅक्ट मेथड) गाठलं गेलं की प्रोग्रॅम सहसा तिथेच मरतो.

जावातल्या ‘प्रोटेक्टेड’बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्रोटेक्टेड म्हणजे फक्त चाइल्डला, असं बरेच जण धरून चालतात. जावात प्रोटेक्टेड गोष्ट त्याच पॅकेजमधल्या कुणालाही मिळते. त्यामुळे क्लास साधा ठेवून नुसता कन्स्ट्रक्टर प्रोटेक्टेड केला, तर शेजारच्या फाइलमधला सहकारी बिनदिक्कत ‘न्यू’ मारू शकतो आणि कंपायलर काही बोलत नाही. सी प्लस प्लसमध्ये तसं होत नाही, तिथे प्रोटेक्टेड कन्स्ट्रक्टर बाहेरच्याला खरोखर अडवतो. दोन्ही भाषांत काम केलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.

ॲबस्ट्रॅक्टलाही एक फट आहे. ‘न्यू पावती’ लिहून पुढे महिरपी कंसात बॉडी दिली की जावा जागच्या जागी एक निनावी चाइल्ड क्लास बनवतो. ॲबस्ट्रॅक्ट मेथड नसेल तर रिकामे कंससुद्धा पुरतात. घाईत असलेला माणूस हे करतोच, आयडीई, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअरच, तसं सुचवतं. पावतीचे प्रकार तुमच्याच हातात ठेवायचे असतील तर २०२१ साली जावा १७ मध्ये पक्के झालेले सील्ड क्लास वापरा. ‘परमिट्स’च्या पुढे ज्या मुलांची नावं लिहाल तीच मुलं, निनावी क्लास तिथे चालतच नाही. शिवाय जावा २१ पासून ‘स्विच’मध्ये सगळे प्रकार हाताळले आहेत की नाही हे कंपायलर तपासतो. चौथ्या प्रकारची पावती आली की जिथे जिथे ती राहून गेली तिथे तिथे बिल्ड तुटेल. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही फार मोलाची सोय आहे.

बाकी भाषांचं थोडक्यात सांगतो, कारण उद्या तुमचा प्रोजेक्ट बदलेल. सी प्लस प्लसमध्ये ‘ॲबस्ट्रॅक्ट’ असा शब्द लिहायचा नसतो. एक जरी प्युअर व्हर्च्युअल फंक्शन असलं की क्लास ॲबस्ट्रॅक्ट. प्युअर करण्यासारखं फंक्शनच नसेल तर डिस्ट्रक्टर प्युअर व्हर्च्युअल करतात, पण त्याला बॉडी द्यावीच लागते, नाहीतर लिंकर ओरडतो. पायथनमध्ये ॲबस्ट्रॅक्ट क्लाससाठी ‘एबीसी’ मॉड्यूल २००८ पासून आहे, आणि तिथे लोक एका ठिकाणी हटकून चुकतात: नुसतं ‘एबीसी’ला पॅरेंट केलं आणि एकाही मेथडवर ‘ॲबस्ट्रॅक्टमेथड’ डेकोरेटर नाही, तर त्या क्लासचा ऑब्जेक्ट मजेत बनतो. शिवाय ही तपासणी ‘ऑब्जेक्ट’ या मूळ क्लासच्या ‘न्यू’मध्ये होते. त्यामुळे तुमचा क्लास ‘डिक्ट’पासूनही निघत असेल तर ती टळते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. टाइपस्क्रिप्टचं ‘ॲबस्ट्रॅक्ट’ आणि ‘प्रायव्हेट’ कंपाइल होईपर्यंतच असतं. चालतो तो जावास्क्रिप्ट, आणि तिथे अडवायचं तर कन्स्ट्रक्टरमध्ये ‘न्यू डॉट टार्गेट’ तपासावं लागतं. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ‘न्यू नोड’ लिहून बघा, ‘इल्लीगल कन्स्ट्रक्टर’ असं उत्तर येईल. नुसता ‘नोड’ तिथेही कुणी बनवू शकत नाही.

आता त्या दुसऱ्या तीन क्लासांकडे येतो.

पावतीवर ‘अक्षरी रुपये’ ही ओळ असते. रकमेचे शब्द करणारा एक क्लास तुमच्याकडे असणारच, आणि त्यात सगळ्या स्टॅटिक, म्हणजे ऑब्जेक्टशिवाय चालणाऱ्या, मेथड असणार. मराठीत शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याला स्वतःचं रूप आहे. बावन्न आणि ब्याण्णव नियमानं जुळवता येत नाहीत. त्यामुळे आत एक तक्ता आणि त्यावर चालणारी दोन-चार फंक्शनं, एवढाच तो क्लास. त्याच्या ऑब्जेक्टला काही अर्थच नाही. तो ॲबस्ट्रॅक्ट करणं चूक आहे, कारण ॲबस्ट्रॅक्ट म्हणजे ‘मला इन्हेरिट करा’ असं निमंत्रण, आणि कुणी इन्हेरिट केलं की पुन्हा ऑब्जेक्ट बनलाच. इथे क्लास फायनल (इन्हेरिट न करता येणारा), कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट, विषय संपला. जावाचा स्वतःचा ‘मॅथ’ क्लास असाच आहे. कन्स्ट्रक्टर लिहायलाच हवा, कारण तुम्ही एकही लिहिला नाही तर कंपायलर एक घालतो आणि पब्लिक क्लासला तो पब्लिकच असतो. सी शार्पमध्ये २००५ पासून ‘स्टॅटिक क्लास’ हा सरळ उपाय आहे. पायथन किंवा कॉटलिन असेल तर क्लास कशाला? फाइलमध्ये फंक्शनं लिहा.

दुसरा क्लास मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि तोच बहुतेक ठिकाणी सापडत नाही. पार्किंग पावतीवर गाडीचा नंबर असतो. तो तुमच्याकडे कसा ठेवलाय? माझा अंदाज, स्ट्रिंग. मी पाहिलेल्या अशाच एका सॉफ्टवेअरमध्ये तो स्ट्रिंग होता, आणि ‘एमएच १२’ किंवा ‘एमएच १४’नं सुरू झालाच पाहिजे ही तपासणी स्क्रीनवर, एक्सेल आयातीत आणि वॉचमनच्या मोबाइल ॲपमध्ये अशी तीन ठिकाणी, तीन प्रकारे लिहिलेली होती. २०२१ मध्ये गाड्यांच्या नंबरांची बीएच, म्हणजे भारत, मालिका आली. तिचा नंबर ‘२२ बीएच ६५१७ ए’ अशा घडणीचा, म्हणजे आधी वर्ष, मग बीएच. लष्करातले, केंद्र सरकारच्या नोकरीतले आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांमधले लोक तो घेऊ शकतात. पुण्यात असे लोक किती, ते खडकीपासून हिंजवडीपर्यंत कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये दिसेल. तीनपैकी दोन ठिकाणं दुरुस्त झाली, आयात राहून गेली. त्या गाड्यांच्या ओळी आयात होताना गळत राहिल्या आणि त्या सभासदांना पार्किंगचं बिलच गेलं नाही. ते लक्षात यायला बराच काळ गेला.

इथे ‘वाहनक्रमांक’ नावाचा क्लास हवा. त्याचा कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट आणि बाहेरच्यांसाठी एकच स्टॅटिक मेथड, समजा ‘मजकुरावरून’. ती मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा काढते, नियम तपासते आणि बरोबर असेल तरच ऑब्जेक्ट देते. इथे ‘थेट ऑब्जेक्ट नको’ याचा अर्थ ‘ऑब्जेक्ट नको’ असा नाही. ऑब्जेक्ट हजारो बनू देत, पण सगळे एकाच दारातून यावेत, म्हणजे चुकीचा वाहनक्रमांक प्रोग्रॅममध्ये कुठेही असूच शकत नाही. मग ज्या मेथडला ‘वाहनक्रमांक’ मिळाला तिनं पुन्हा तपासायची गरज उरत नाही. जावातल्या तारखा अशाच आहेत. ‘लोकलडेट’वर ‘न्यू’ चालत नाही, ‘ऑफ’ मेथडला वर्ष, महिना, दिवस द्यावे लागतात आणि ३० फेब्रुवारी दिली तर ती तिथेच अडवते. अशी मेथड असली की जुनाच ऑब्जेक्ट परत देण्याची मुभाही मिळते. ‘इंटिजर’ची ‘व्हॅल्यूऑफ’ मेथड उणे १२८ ते १२७ पर्यंतचे ऑब्जेक्ट साठवून पुन्हा पुन्हा तेच देते, आणि जावा ९ मध्ये, २०१७ साली, ‘इंटिजर’चे कन्स्ट्रक्टर वापरू नका असं अधिकृतपणे जाहीर झालं.

हल्ली जावात असे छोटे क्लास रेकॉर्ड, म्हणजे फक्त माहिती धरणारे आटोपशीर क्लास, म्हणून लिहितात. पब्लिक रेकॉर्डचा मुख्य कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट करता येत नाही, तो रेकॉर्डइतकाच उघडा असावा लागतो. मग तपासणी त्या कन्स्ट्रक्टरमध्येच लिहा. दार उघडं असलं तरी तपासणी दारातच होते, आणि आपल्याला तेच हवं आहे. रेकॉर्डचा आणखी एक फायदा आहे. साधा क्लास जावाच्या सीरियलायझेशनमधून (ऑब्जेक्ट साठवून पुन्हा वाचण्याच्या सोयीतून) परत उभा राहतो तेव्हा त्याचा कन्स्ट्रक्टर चालतच नाही, म्हणजे प्रायव्हेट करून जे जपलं ते मागच्या बाजूनं निसटतं. रेकॉर्ड मात्र कन्स्ट्रक्टरमधूनच उभा राहतो. कॉटलिनवाल्यांनी डेटा क्लासची ‘कॉपी’ मेथड लक्षात ठेवावी. कन्स्ट्रक्टर प्रायव्हेट असला तरी ती बरीच वर्षं सर्वांना उघडी होती, आणि २.०.२० आवृत्तीपासून कंपायलर त्याबद्दल इशारा देऊ लागला. सी प्लस प्लसमध्येही अशी एक वाट होती. डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर ‘डिलीट’ केला, पण क्लासची सगळी फील्डं पब्लिक असली, तर रिकाम्या महिरपी कंसांनी ऑब्जेक्ट बनत असे. सी प्लस प्लस २० नं ती बंद केली.

रिफ्लेक्शननं, म्हणजे प्रोग्रॅम चालताना क्लासच्या आत शिरून, प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर बोलावता येतो, मग उपयोग काय, असं कुणीतरी विचारतंच. मुद्दाम रिफ्लेक्शन लिहिणाऱ्याला आपण काय करतोय ते ठाऊक असतं. आपल्याला थांबवायचं आहे ते संध्याकाळी सहा वाजता, कंपनीची बस सुटायच्या आधी, शेवटची ओळ लिहिणाऱ्या माणसाला.

तिसरा क्लास म्हणजे पावतीचा अनुक्रमांक देणारा. तो एकच असावा असं सगळ्यांना वाटतं आणि म्हणून त्याचा सिंगलटन, म्हणजे एकच ऑब्जेक्ट असलेला क्लास, होतो. याच्याबद्दल कळकळीनं सांगतो, कारण ही चूक आम्ही केली आहे. आमच्या टीमनं क्रमांक देणारा क्लास सिंगलटन केला. प्रायव्हेट कन्स्ट्रक्टर, एकच स्टॅटिक ऑब्जेक्ट, आत मोजणारा आकडा, कुलूपबंद मेथड. सगळं पुस्तकाप्रमाणं. दीड वर्ष नीट चाललं. मग लोड वाढला, दुसरा सर्व्हर लावला आणि एकाच क्रमांकाच्या दोन पावत्या दोन वेगवेगळ्या सभासदांना गेल्या. लेखापरीक्षकानं ते पकडलं, आणि तोवर तशा पावत्या बऱ्याच झाल्या होत्या. सिंगलटनचा ‘एकच’ हा एका चालू प्रोसेसपुरता, आणि काटेकोर बोलायचं तर एका क्लासलोडरपुरता असतो. दोन सर्व्हर म्हणजे दोन प्रोसेस, दोन ‘एकमेव’ ऑब्जेक्ट.

क्रमांक एकमेव हवा असेल तर त्याची जागा डेटाबेसमध्ये आहे. तिथेही डेटाबेसचं सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा आकडा देणारी सोय, लावून मोकळं होऊ नका. ट्रान्झॅक्शन रोलबॅक, म्हणजे मध्येच रद्द, झालं तरी सीक्वेन्स मागे येत नाही, त्यामुळे मधले क्रमांक गळतात, आणि पावतीपुस्तकात क्रमांक गळला की लेखापरीक्षक पुन्हा प्रश्न विचारणार. एक टेबल, सोसायटी आणि आर्थिक वर्षागणिक त्यात एक ओळ, पावती ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवता त्यातच ती ओळ लॉक करून आकडा वाढवा, आणि पावतीच्या टेबलात क्रमांकावर युनिक बंधन घाला. मग जावातला क्लास एक असो की दहा, काही फरक पडत नाही. डेटाबेस कनेक्शनच्या पूलसारख्या गोष्टी खरोखर प्रोसेसमागे एकच हव्या असतात, पण स्प्रिंगसारखा कंटेनर, म्हणजे ऑब्जेक्ट बनवून सांभाळणारी चौकट, वापरत असाल तर तो मुळातच एका बीनचा (त्याच्याकडे नोंदवलेल्या क्लासचा) एकच ऑब्जेक्ट बनवतो. क्लासनं स्वतःवर बंदी घालायची गरज नाही, आणि टेस्टमध्ये खोटा ऑब्जेक्ट देण्याची सोयही शाबूत राहते.

आता पुन्हा तुमची ‘पावती’. ॲबस्ट्रॅक्ट हा शब्द लिहिलात की दोन ठिकाणी झटका बसेल, त्याची तयारी ठेवा. एक, जेसन या मजकुराच्या स्वरूपातून ‘पावती’ वाचत असाल तर ते वाचणारी जॅक्सन लायब्ररी म्हणेल की ॲबस्ट्रॅक्ट प्रकाराचा ऑब्जेक्ट मला बनवता येत नाही. जेसनमध्ये प्रकाराचं फील्ड घालून कोणत्या नावाला कोणता चाइल्ड ते तिला सांगावं लागेल. दोन, डेटाबेस. तीनही प्रकार एकाच टेबलात असतील तर प्रकाराच्या कॉलमवरून हायबरनेट (टेबलातल्या ओळींचे ऑब्जेक्ट करणारी लायब्ररी) योग्य चाइल्ड उभा करतो. पण आजवर बनलेल्या नुसत्या ‘पावती’च्या ओळी त्या टेबलात पडून आहेत. त्या वाचायची वेळ आली की एक्सेप्शन येईल, आणि ते प्रॉडक्शनवरच येईल, कारण तुमच्या टेस्टच्या डेटात तशा ओळी बहुधा नसतील.

म्हणून डिप्लॉय करण्याआधी त्या ओळी काढून एकेक वाचा. बिल्ड तुटून ज्या लाल ओळी दिसतील त्याही तशाच एकेक बघा. नुसतं कंपाइल व्हावं म्हणून सगळीकडे ‘देखभाल पावती’ भरू नका. रक्कम चुकीच्या खात्यात जाईल आणि ते कोऱ्या शीर्षकाहून वाईट. ज्यानं नुसत्या ‘पावती’वर ‘न्यू’ मारला त्याला बहुधा तिन्हींपैकी एकही प्रकार लागू पडत नव्हता. तपशिलाच्या कॉलममध्ये काय लिहिलंय ते बघा. पुण्यातली सोसायटी आहे, ऑगस्ट-सप्टेंबरच्या बऱ्याच ओळींवर ‘गणपती वर्गणी’ लिहिलेलं सापडलं तर मला नवल वाटणार नाही. तसं असेल तर ‘वर्गणी पावती’ हा चौथा क्लास लिहा, तो ‘परमिट्स’मध्ये घाला, वर्गणी कोणत्या खात्यात जमा करायची ते खजिनदारांना विचारा, आणि जुन्या ओळींचा प्रकार बदलणारी स्क्रिप्ट त्याच रिलीजमध्ये सोडा.